तिसऱ्या ओळीतलं नाव

लातूरला आमच्या गल्लीत लग्न ठरलं की आधी कार्यालय बघतात, मग आचारी ठरवतात, आणि त्यानंतर दोन-चार दिवसांत कुणीतरी माझ्या दारात येतं. हातात नावांची चिठ्ठी असते. नवरा, नवरी, दोघांचे आई-बाप, आजोबा, मामा, गावं. "अक्का, तेवढी मंगलाष्टकं लिहून द्या." चाकूरच्या शाळेत मराठी शिकवत होते तेव्हा मी ती जाता-येता एसटीत लिहायचे, आता निवृत्तीनंतर ओट्याशेजारच्या टेबलावर लिहिते. खण-नारळ घेते, दुसरं काही घेत नाही. मांडवात माइकपुढे मला उभं राहू द्यायचं, एवढी एकच अट.

नुसत्या चिठ्ठीवरून मात्र मी लिहीत नाही. 'चंद्र-सूर्य' आणि 'लक्ष्मी-नारायण' घालून मध्ये नावं कोंबायला काही अक्कल लागत नाही. मी त्या घरी जाऊन बसते, चहा पिते आणि नको ते विचारते. मुलगी लहानपणी कुणाच्या कडेवर असायची, बाप चिडला की काय करतो, सासूला काय आवडतं. आठ अष्टकांत एक तरी ओळ अशी पाहिजे की ती दुसऱ्या कुठल्याच मांडवात म्हणता येऊ नये. हा माझा हट्ट. गल्लीतले लोक त्याला चिकटपणा म्हणतात, म्हणोत बापडे.

माझं नाव मी कशातच घातलं नाही. अभंगात कवी शेवटी स्वतःचं नाव गुंफतो, पण मंगलाष्टकात नावं यायची ती नवरा-नवरीची आणि त्यांच्या माणसांची. तिथे आपलं नाव घुसवणं म्हणजे दुसऱ्यांच्या फोटोत जाऊन मध्ये उभं राहणं. माझ्या वहीतसुद्धा वर फक्त 'अमक्यांच्या थोरलीचं' एवढंच लिहिलेलं असतं. तारीखही नाही. ह्याला मी तीस वर्षं नम्रपणा समजत आले. आता वाटतं, तो निव्वळ गाफीलपणा होता.

आमच्यापासून दोन घरं सोडून एक बाई राहते. माझ्याहून बारा-तेरा वर्षांनी लहान, मला अक्का म्हणते. तिच्या नवऱ्याचं गंजगोलाईच्या बाजारपेठेत आतल्या बाजूला किराणा दुकान होतं. त्या माणसाची एक खोड सगळ्या गल्लीला ठाऊक होती. काटा बरोबर मध्ये येऊन थांबला की तो पुन्हा पोत्यात हात घालायचा आणि एक मूठ वरून टाकायचा. त्याचा भाऊ चिडायचा, बायको चिडायची. तो म्हणायचा, "काटा झाला, आता माणसाचं." एका सोमवारी सकाळी दुकानाचं शटर वर करता करता तो खाली बसला तो उठलाच नाही. थोरल्या मुलीचं लग्न तेव्हा ठरलेलं होतं.

त्याचे दिवस झाल्यावर त्याची बायको माझ्याकडे आली. चिठ्ठी नव्हती. माझ्या टेबलाजवळ उभी राहिली आणि म्हणाली, "अक्का, मला कवितेतलं काय बी कळत न्हाई. फकस्त हे मांडवात आले पाहिजेत."

चार दिवस मला काही सुचलं नाही. पाचव्या दिवशी भाजी निवडताना पहिली ओळ आली, आणि तिच्यामागून दुसरी.

काटा थांबुनही मुठीभर पुन्हा दाणे वरी घालि जो,
ये बापा, तव लाडकी उभि इथे, माथ्यावरी हात दे

तिसरी ओळ त्याच्या नावानं सुरू होत होती. नाव तीन अक्षरांचं, तिन्ही अक्षरं लांब. वृत्तात इतकं नेमकं बसलं की मी विळी बाजूला सारून रडले. ते नाव मी इथे लिहीत नाही. ते त्यांच्या घरचं आहे.

आता माझी एक सवय सांगते, कारण घात तिनंच केला. उमरीला माझी धाकटी बहीण दिलेली आहे. तिला वृत्त कळत नाही, मात्रा कळत नाहीत, पण तिची जीभ खरी. जिथे ती अडखळते तिथे माझी ओळ चुकलेली असते. म्हणून प्रत्येक अष्टक आधी तिला फोनवर म्हणून दाखवायचं आणि तिच्याकडून म्हणवून घ्यायचं. फोनवर म्हटलेलं हवेत विरून जातं. त्या दिवशी मात्र तिनं फोन उचलला नाही, आणि मला तर दम धरवेना. मी मोबाइलवर आवाज भरून चारही ओळी पाठवल्या आणि वर म्हटलं, "ऐक आणि सांग."

तिनं ऐकलं, रडली, "एक अक्षर बदलू नकोस" म्हणाली. आणि मग आपल्या भजनी मंडळाच्या ग्रुपवर टाकून दिलं. हे मला त्याच दिवशी कळलं. तिनंच कौतुकानं सांगितलं, बायकांनी काय काय लिहिलं ते पाठवलं. मी रागवायला हवं होतं. शाळेत पोरांच्या वहीत एक वेलांटी चुकली तर आरडाओरडा करणारी मी, त्या दिवशी ते कौतुक दोनदा वाचलं आणि फोन उशाशी ठेवून झोपले.

लग्नात मी ते म्हटलं तेव्हा लग्न लावणाऱ्या स्वामींनी हातातल्या अक्षता खाली ठेवल्या. गंजगोलाईतले व्यापारी, एरवी कशालाही न द्रवणारे, रुमाल शोधायला लागले. सगळं आटोपल्यावर नवरीची आई मला कार्यालयाच्या कोठीघरात घेऊन गेली आणि माझे दोन्ही हात धरले. "अक्का, हे माझ्या दोन लेकींचं. धाकटीच्या लग्नात परत म्हणायचं. तिसऱ्या कुणाला द्यायचं न्हाई. आण घ्या." तिच्या कपाळावरच्या विभूतीकडे बघत मी आण घेतली. उमरीचा ग्रुप त्या क्षणी मला आठवला होता. मी मनात म्हटलं, ते घरातलंच आहे, ते कुठं जातंय.

ते कुठं गेलं ते मला दीड-दोन वर्षांनी नांदेडला कळलं. नवऱ्याच्या नात्यातलं लग्न होतं. वरात यायला वेळ होता, म्हणून मोठ्या स्पीकरवर काहीबाही लावलेलं. जेवणाच्या ताटावर बसले होते आणि एकदम कानावर आलं, 'काटा थांबुनही'. मागे तबला, बासरी, आणि एका पुरुषाचा गोड आवाज. पहिल्यांदा मला वाटलं, आपल्या डोक्यातच वाजतंय. मग तिसरी ओळ आली आणि तिच्यात दुसऱ्याच कुणाचं नाव होतं. दोन अक्षरी नाव. ते वृत्तात बसेना म्हणून गाणाऱ्यानं दुसरं अक्षर मेणासारखं ओढून लांब केलं होतं. चोरी ती चोरी, वर मात्राही मोडली! मी ताटावरून उठले. नवरा म्हणाला, "अगं, जिलबी तरी खा." त्या जिलबीवरून आम्ही लातूर येईपर्यंत भांडलो.

भाचीनं मोबाइलवर शोधून दाखवलं. नांदेडच्या एका लग्न-ऑर्केस्ट्रावाल्याचा व्हिडिओ होता. खाली लिहिलेलं होतं, 'पारंपरिक मंगलाष्टक'. त्याच्यावरून इतरांनी केलेली छोटी छोटी रीलं होती, नवरीच्या रडण्याची, रिकाम्या खुर्चीची, हार घातलेल्या फोटोची. कुणी नुसतं संगीत काढून ठेवलं होतं, म्हणजे ज्याला पाहिजे त्यानं आपलं नाव घालून म्हणावं. मी अजून जिवंत आहे, दोन वेळा जेवते, आणि माझं लिहिलेलं पारंपरिक झालं होतं.

त्या लग्नसराईत लातुरातही ते आलं. ज्या मुलीचा बाप नाही तिच्या मांडवात ते वाजणारच. एसटीच्या ड्रायव्हरसाठी वाजलं, मास्तरसाठी वाजलं. एका वकिलाच्या लेकीच्या लग्नात वाजलं, आणि त्या वकिलानं जन्मात कुणाला मूठभर जास्त दिल्याचं मला तरी ठाऊक नाही. लोकांना काट्याशी देणंघेणं नव्हतं. त्यांना बाप पाहिजे होता, तो मिळत होता. त्यांच्यावर कुठल्या तोंडानं रागावू? पण राग यायचा, आणि येऊन कुठं जायचं ते त्याला कळायचं नाही, म्हणून तो घरातल्या भांड्यांवर निघायचा.

शेवटी दुकानदाराच्या बायकोनंही ते ऐकलं. उदगीरला कुणाच्या तरी लग्नाला गेली होती. आल्यावर हातपाय न धुता माझ्याकडे आली.

"अक्का, तुमी दिलाव?"

"न्हाई गं. मी कुणाला दिलं न्हाई."

"मग कसं गेलं?"

"मोबाइलचं काय सांगावं," मी म्हणाले.

ती दाराकडे वळली. "ह्यांना हाका मारतेत अन् येतोय दुसराच कोण तर," म्हणाली आणि गेली. त्यानंतर तिचं येणं थांबलं. रस्त्यात भेटली तर बोलायची, पण जेवलाव का, बरं हाय का, एवढंच. धाकटीचं लग्न ठरलं ते मला दूधवाल्याकडून कळलं.

मग मी इरेला पेटले. भाचीला बसवून त्या व्हिडिओवाल्या कंपनीचा तक्रारीचा फॉर्म भरला. त्यात विचारलं होतं, मूळ कृतीची लिंक द्या. माझी मूळ कृती म्हणजे हळदीचं बोट लागलेलं वहीचं पान. त्याचा फोटो जोडला. उत्तर आलं की एवढ्या माहितीवरून ही कृती आपली आहे हे ठरवता येत नाही. पुन्हा भरला, पुन्हा तेच उत्तर, तेच शब्द. पोलिसांच्या सायबर विभागात गेले. तिथला माणूस चांगला होता, उठून खुर्ची दिली. सगळं ऐकून म्हणाला, "मॅडम, त्याच्यावर तुमचं नाव हाय का कुठं?" मी नाही म्हटलं. "मग आमी कुणाचं म्हणून लिहून घ्यावं?"

माझी एक जुनी विद्यार्थिनी वकील आहे. तिनं नीट समजावलं. "मॅडम, तुम्ही लिहिलंत त्याच क्षणी हक्क तुमचा झाला. नोंदणी असो नसो. प्रश्न फक्त दाखवण्याचा आहे. त्याचा व्हिडिओ यायच्या आधीचं, तारीख असलेलं, तुमच्याकडचं काहीही चालेल. पत्र, मेल, रेकॉर्डिंग."

रेकॉर्डिंग! बहिणीच्या फोनमध्ये ते अजून होतं. माझा आवाज, वर तारीख, वेळसुद्धा. त्याच्याइतका पक्का पुरावा दुसरा नव्हता, आणि मी आण खोटी घेतली ह्याचाही तोच पुरावा होता. हक्क सिद्ध करायचा तर पहिल्यांदा हे सिद्ध होणार होतं की ते बाहेर गेलं ते माझ्याच तोंडून. मी वकीलबाईंना "बघते" म्हटलं आणि घरी येऊन आठ दिवस काहीच बघितलं नाही.

नवव्या दिवशी कुणाला न सांगता नांदेडची गाडी धरली. त्या गायकाचा पत्ता त्याच्या व्हिडिओखालीच होता, जुन्या मोंढ्याजवळ. वाटेत मी त्याला काय काय बोलायचं ते मनात घोळवून ठेवलं होतं, चांगले दणदणीत शब्द होते. दार त्यानंच उघडलं. तिशीचा असेल. मी नावही न सांगता म्हणाले, "ते मंगलाष्टक कुठून आणलंस?" तर त्यानं उलट मलाच विचारलं,

"मावशी, तो आवाज तुमचाच हाय ना?"

त्याच्या मोबाइलमध्ये माझं रेकॉर्डिंग होतं. कुणाकडून कुणाकडून फिरत आलेलं. त्यानं ते लावलं आणि माझ्याच आवाजात 'ऐक आणि सांग' ऐकू आलं.

"माझे वडील गेले तेव्हा बहिणीचं लग्न तोंडावर होतं," तो म्हणाला. "हे ग्रुपवर फिरून राहिलं होतं. खाली कुणाचं नाव न्हाई, काही न्हाई. मला वाटलं, कुण्या म्हातारीनं जुनं म्हटलेलं हाय. मी वडिलांचं नाव घालून म्हटलं. मांडव पूर्ण रडला, मावशी. मग लोक मागून राहिले, म्हणून टाकलं. गलती झाली. बिलकुल गलती झाली. मी आता खाली तुमचं नाव टाकतो, मोठ्या अक्षरात."

म्हातारी म्हटल्याबद्दल त्याला झापायचं राहूनच गेलं. मी म्हणाले, "माझं नाव नको. ते काढून टाक."

मी त्याला किराणा दुकान सांगितलं, मूठ सांगितली, ती बाई सांगितली. त्यानं मोबाइल हातात घेतला आणि व्हिडिओ उघडला. त्याच्या बापाचंही नाव त्यात होतं, लाखभर लोकांनी ऐकलेलं, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं. वाईट वाटलं. तरीही मी "राहू दे" म्हटलं नाही. त्यानं माझ्यादेखत व्हिडिओ काढला आणि म्हणाला, "माझं काढलं. बाकीच्यांनी उतरवून घेतलेलं माझ्या हातात न्हाई, मावशी." त्याची आई आतून चहा घेऊन आली. तिला काही माहीत नव्हतं. मी चहा प्याले आणि परत आले.

दुसऱ्या दिवशी मी दोन घरं पलीकडे तिच्या घरी गेले. ती हळकुंडं निवडत बसली होती. मी सगळं सांगितलं, उमरी, ग्रुप, आणि आण घेताना मला ते ठाऊक होतं हेही. ते शेवटचं सांगताना माझी जीभ चाकूरच्या पहिलीतल्या पोरासारखी अडखळत होती.

"म्हंजे खोटी आण घेतलाव," ती म्हणाली.

"हो."

ती हळकुंडं निवडत राहिली. मी म्हणाले, धाकटीसाठी नवं लिहिते, ह्याच्याहून चांगलं लिहिते, रात्रीचा दिवस करते. तिनं परात खाली ठेवली.

"नवं कशाला? चोर शिरला म्हणून घर सोडून जावं का? त्येच म्हणायचं. तुमीच म्हणायचं. अन् मोठ्यानं म्हणायचं." एवढं बोलून ती रडली, आणि मग मीही रडले. खूप महिन्यांनी तिच्या घरचा चहा प्याले.

लग्न वैशाखात औसा रोडवरच्या कार्यालयात झालं. वऱ्हाड मोठं होतं, मुलाकडचे चाकूर भागातले. मी माइकपुढे उभी राहिले. अंतरपाट धरलेला, मामा मुलीच्या मागे, आणि त्याच्या शेजारी ती, मुठीत अक्षता घेऊन. पहिली तीन अष्टकं झाली. मग मी श्वास घेतला आणि सुरू केलं, 'काटा थांबुनही'.

मुलाकडच्या पोरींनी एकमेकींकडे बघितलं आणि माझ्याबरोबर म्हणायला लागल्या. मोबाइल वर झाले. मग त्यांच्या आया, मावश्या. खोटं कशाला बोलू, पहिल्या ओळीला मला बरंच वाटलं. एवढ्या तोंडांत आपले शब्द, आणि एकही चुकत नव्हता. दुसऱ्या ओळीला सगळं कार्यालय म्हणत होतं, 'माथ्यावरी हात दे'. आणि तेव्हा ह्या सगळ्यांची पुढची ओळ कुठल्या नावानं सुरू होणार ते मला कळलं. थांबता येत नव्हतं. मुहूर्ताची वेळ, मध्येच थांबणं म्हणजे अपशकुन. माझ्या घशात होता नव्हता तेवढा जोर लावून मी त्याचं नाव घेतलं, तिन्ही अक्षरं. आणि त्याच क्षणी पाचशे माणसांनी नांदेडच्या त्या दुसऱ्या बापाचं नाव घेतलं, दुसरं अक्षर तसंच ओढून, अगदी मनापासून. पोरींचे डोळे भरून आले होते. त्यांचं काय चुकलं होतं? त्यांना तेच पाठ होतं.

'कुर्यात् सदा मंगलम्' झालं, अक्षता पडल्या, वाजंत्री वाजली. लोक येऊन माझं कौतुक करत होते. नवरदेवाची आत्या म्हणाली, "बाई, लई छान म्हणता तुमी. मोबाइलवरल्यासारखंच."

पंगत बसल्यावर नवरीची आई माझ्यासाठी पाण्याचा तांब्या घेऊन आली. माझ्या शेजारी टेकली, पदरानं तोंड पुसलं, आणि कुणाला ऐकू जाऊ नये अशा बेतानं विचारलं,

"अक्का, तुमी ह्यांचं नाव घेतलाव न्हवं? मी कान देऊन हुते. मला ऐकूच आलं न्हाई."